सितोलियाला पंच लागत नाही

प्रश्न असा आला आहे. इंदूरच्या लोकमान्य नगरातलं एक मंडळ दर मे महिन्यात 8वी ते 10वीच्या मुलांचं शिबिर घेतं. यंदा 40 मुलं आहेत. शिबिर चालवणारे काका बँकेतून निवृत्त झालेले. ते लिहितात: "मुलं तशीही मोबाइलवर गेम खेळतच असतात. म्हणून सिरपूर तलावावरचे पक्षी मोजण्याचा गेमसारखा काही प्रकार करावा, प्रत्येक नोंदीला 10 पॉइंट, सर्वांत जास्त पॉइंटवाल्याला सायकल, असं डोक्यात आहे. परदेशात लोक गेम खेळून संशोधनाला मदत करतात असं वाचलं. त्यातून खरंच विज्ञान होतं, की नुसता मुलांना गुंतवून ठेवायचा उद्योग? आणि करायचं तर कसं?"

काका, सायकल अजून घेतली नसेल तर घेऊ नका. बाकी सगळं जमण्यासारखं आहे, पण त्या सायकलपायी तुमच्या नोंदींची माती होईल. गेली 14 वर्षं माझं काम हेच आहे: लोकांनी हौसेने भरून दिलेल्या नोंदींच्या ढिगातून वापरता येईल असं काय, ते चाळून काढणं. खेळ बनवणारे वेगळे, खेळणारे वेगळे, आणि शेवटी चाळण घेऊन बसणारी मी.

विज्ञान होतं का, ते आधी सांगते. होतं. सगळ्यांत गाजलेलं उदाहरण फोल्डिट या संगणकावरच्या खेळाचं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक माळ. पेशीत ती एका ठरावीक तऱ्हेने स्वतःभोवती गुंडाळली जाते आणि त्या घडीवर तिचं काम ठरतं. घडी कशी पडेल हे नुसत्या गणिताने काढायचं तर संगणकाला शक्यतांचा समुद्र उपसावा लागतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात डेव्हिड बेकर यांच्या प्रयोगशाळेने 2005 मध्ये एक प्रोग्रॅम काढला. तो लोकांच्या घरचे संगणक रिकामे असताना हे उपसत बसायचा आणि पडद्यावर ते प्रथिन वळवळताना दिसायचं. बघणाऱ्यांना राहवेना. अहो, ते टोक डावीकडे घ्या ना, हा भलतीकडेच चाललाय, असं लोक कळवू लागले. आपल्याकडे कॅरमच्या बोर्डाभोवती उभे असलेले लोक करतात अगदी तसं. मग 2008 मध्ये त्या लोकांच्याच हातात माळ दिली, तो फोल्डिट.

मी तो खेळले आहे. जेवणं उरकल्यावर अर्धा तास म्हणून बसायचं आणि दीड वाजायचा. पडद्यावर रंगीत फितीसारखं प्रथिन असतं. दोन भाग एकमेकांत घुसले की तिथे लाल काटेरी गोळे उठतात. पाण्याला बुजणारे भाग बाहेर उघडे पडले की ते वेगळ्या रंगात खुणावतात, त्यांना आत लोटायचं. एकदा एक वळण जरासं ओढलं, बटण दाबलं, सगळी माळ थरथरत बसली, आणि वरचा आकडा बाराने वाढला. मी टाळी वाजवली. आतल्या खोलीतून सासूबाईंनी विचारलं, "काय गं, मॅच जिंकली का?"

तो आकडा काय होता हे महत्त्वाचं. घडीतली ऊर्जा जितकी कमी, तितके गुण जास्त. कोणी मास्तर ते देत नव्हता; रसायनशास्त्राचे नियम संगणकाला जितके शिकवता आले, ते नियम देत होते. त्यामुळे गुण वाढवण्याची हाव आणि खऱ्या घडीच्या जवळ जाणं, ही दोन्ही एकाच दिशेला ओढतात. 2011 मध्ये त्याचं फळ दिसलं. माकडांना एड्ससारखा आजार करणाऱ्या मेसन-फायझर विषाणूच्या एका विकराची (एन्झाइमची) रचना 10 वर्षांहून अधिक काळ उलगडत नव्हती. क्ष-किरणांची मोजमापं हातात होती, पण ती सोडवायला सुरुवातीला बऱ्यापैकी अंदाजी आकार लागतो, तोच मिळेना. खेळाडूंनी 3 आठवड्यांत तो दिला आणि पुढचं काम शास्त्रज्ञांनी पूर्ण केलं. (व्हॉट्सअॅपवर हीच गोष्ट "गेम खेळून एड्सचं औषध सापडलं" अशी फिरते. औषध सापडलं नाही, एका विकराचा आकार सापडला. मुलांना सांगताना एवढं सांभाळा.) 2019 मध्ये त्याहून पुढची मजल गेली. खेळाडूंनी शून्यातून रचलेली 146 प्रथिनं प्रयोगशाळेत करून पाहिली, त्यांतल्या 56ची घडी ठीक पडली.

इंदूरच्या मुलांना लगोरी म्हटलं तर ती तोंडाकडे बघतात, सितोलिया म्हटलं की लगेच कळतं. सात ठिकऱ्या रचल्या गेल्या की नाही, हे रचणाऱ्याला दिसतं आणि भांडणाऱ्यालाही दिसतं. पंच लागत नाही. फोल्डिट हा सितोलियाच्या जातीचा खेळ आहे. एटर्ना म्हणून आरएनएचा (डीएनएचा भाऊबंद असलेल्या रेणूचा) एक खेळ आहे, तोही याच जातीचा: खेळाडूंनी आखलेले निवडक रेणू स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेत प्रत्यक्ष बनवतात आणि निकाल परीक्षानळी देते. म्हणून कोणी विज्ञानाचा खेळ घेऊन माझ्याकडे आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: गुण कोण देतं? तुमच्या आराखड्यात त्याचं उत्तर "नोंदींचा आकडा" असं आहे, काका. तिथेच पाणी मुरतं.

हे मी स्वतः करून बसले आहे. काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका संस्थेबरोबर आम्ही शाळांमध्ये झाडांच्या फुलोऱ्याचा असाच खेळ केला होता. फुललेल्या झाडाचा फोटो काढा, 10 गुण मिळवा. नियम माझाच. दीड महिन्यात फोटोंचा पाऊस पडला, आणि संस्थेने तो आकडा अहवालात पहिल्याच पानावर छापला. मी फोटो उघडून पाहिले तर पहिल्या आलेल्या 8वीतल्या मुलाचे साठ-पासष्ट फोटो एकाच गुलमोहराचे. कधी खालून, कधी बाजूने, एकदा तर दुचाकीच्या आरशातून. त्याला बोलावलं. तो मुळीच ओशाळला नाही. ट्यूशनच्या बाहेरच्या ओटल्यावर बसून म्हणाला, "मॅडम, फोटोला दहा असं तुम्हीच लिहिलं होतं. झाडाला दहा असं कुठे लिहिलं होतं?"

बिनतोड. पण घरी येऊन ते फोटो तारखेप्रमाणे लावले तेव्हा वेगळंच दिसलं. ट्यूशन रोज त्याच जागी, म्हणून फोटो रोज त्याच झाडाचा. पहिली कळी कधी, अर्धं झाड लाल कधी, पानं कधी आली, सगळं दिवसावार. बाकीच्या मुलांनी शहरभर हिंडून आणलेले शेकडो फोटो, प्रत्येक झाड एकदाच, त्यांतून काही निघालं नाही. "अमुक दिवशी अमुक ठिकाणी एक फुललेलं झाड होतं" हे कळून कोणाला काय करायचंय? कामाची नोंद निघाली ती त्या लबाडाची. त्याच्या आळसाला शिस्त होती आणि माझ्या नियमाला नव्हती. पुढच्या वर्षी नियम उलटा केला: एकच झाड निवडा, दर आठवड्याला परत जा, परत गेल्याचे गुण. नोंदी पहिल्या वर्षाच्या मानाने फारच थोड्या आल्या. संस्थेला ते रुचलं नाही. आकडा घसरला म्हणून पुढचे पैसे थांबले, ते थांबलेच.

आता तुमच्यासारख्या कामाची अडचण बघू. झाडाला, पक्ष्याला, फोटोला प्रथिनासारखी ऊर्जा नसते. खरं उत्तर कोणालाच ठाऊक नसतं. मग गुण द्यायचे कशावर?

गेल्या जानेवारीत सिरपूरच्या काठावर मी दोन मुलींना वारकऱ्यांचा एकच थवा मोजायला सांगितला, एकमेकींशी न बोलता. (वारकरी म्हणजे कपाळावर पांढरा टिळा असलेला काळा पाणपक्षी.) एकीने 70 लिहिले, दुसरीने 112. पहिली दहा-दहाचे गठ्ठे करून मोजत होती, पण गवताआडचे तिने सोडले. दुसरी एकेक मोजत होती, तेवढ्यात थवा फिरला आणि डावीकडचे उजवीकडून पुन्हा मोजले गेले. दोघी माझ्याकडे आल्या. "मॅडम, खरे किती?" मी म्हटलं, मलाही माहीत नाही. त्यावर 70वाली म्हणाली, "तुम्हालाच माहीत नाही तर कोण बरोबर ते ठरवणार कसं?"

या एका प्रश्नावर आमच्या धंद्यातली निम्मी डोकी खपली आहेत. उत्तरं दोन निघाली, आणि दोन्ही तुमच्या शिबिरात चालतील.

पहिलं: तीच गोष्ट अनेकांना, वेगवेगळी, विचारा. 2007 च्या जुलैमध्ये गॅलेक्सी झू नावाचं संकेतस्थळ सुरू झालं. आकाशाच्या स्लोन सर्वेक्षणाच्या दुर्बिणीने टिपलेल्या 9 लाखांच्या घरातल्या दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे प्रचंड समूह), आणि प्रत्येक चित्राखाली सोपा प्रश्न: ही सर्पिल की लंबगोल? एकट्या संशोधकाचं यात आयुष्य गेलं असतं. पहिल्याच दिवसात वेग तासाला 70,000 उत्तरांवर गेला. पहिल्या वर्षात दीड लाख लोकांनी 5 कोटींवर उत्तरं दिली. एका दीर्घिकेला सरासरी 38 जणांची मतं मिळाली. हे बहुमत किती ताकदीचं असतं ते बँकेतल्या माणसाला हिशोबानेच सांगते. एक मुलगा 100 पैकी 80 वेळा बरोबर असेल आणि तुम्ही तशाच 5 जणांना विचारून बहुमत घेतलंत, तर ते 94 वेळा बरोबर येतं. 9 जणांना विचारलंत तर 98 वेळा. एकाही मुलाला हुशार न करता.

पण त्या हिशोबात एक अट दडलेली आहे, ती कोणी मोठ्याने सांगत नाही. प्रत्येकाची चूक आपापली असली पाहिजे. सगळे एकाच बाजूला चुकत असतील तर 38 काय, 380 मतांनीही काही सुधारत नाही. गॅलेक्सी झूमध्येच ते दिसलं. घड्याळाच्या उलट दिशेने फिरणाऱ्या सर्पिल दीर्घिका जरा जास्तच निघाल्या. विश्वाला एखादी दिशा आवडते की काय! शास्त्रज्ञांनी काय केलं, तर काही चित्रं आरशात उलटी करून लोकांपुढे परत ठेवली. विश्वच एका बाजूला कललेलं असतं तर उलट्या चित्रांत घड्याळाच्या दिशेच्या दीर्घिका जास्त निघायला हव्या होत्या. तशा निघाल्या नाहीत. लोक उलट्या चित्रांतही तीच दिशा जास्त निवडत होते. कल माणसाच्या नजरेचा होता. मला विचाराल तर या साऱ्या प्रकरणात आकाशगंगांपेक्षा ही गोष्ट जास्त शिकवून जाते. तुमच्याकडे 40 मुलं एकाच ताईंनी दाखवलेल्या चित्रावरून शिक्रा हा शिकारी पक्षी ओळखणार आणि त्या ताईंचाच घोटाळा असेल, तर 40च्या 40 एकमताने चुकतील.

म्हणून दुसरं उत्तर: मधूनमधून असे प्रश्न टाका ज्यांची उत्तरं तुम्हाला आधीच ठाऊक आहेत, पण मुलांना ते कळता कामा नये. अंतराळातून आलेल्या धुळीचे कण शोधणाऱ्या स्टारडस्ट अॅट होम या 2006 च्या प्रकल्पात हेच होतं. अल्झायमर झालेल्या उंदरांच्या मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या दाखवून "रक्त वाहतंय की तुंबलंय" असं विचारणाऱ्या स्टॉल कॅचर्समध्येही हेच आहे. ठाऊक असलेल्या प्रश्नांवर ज्याची नजर पक्की दिसते, त्याच्या मताला ठाऊक नसलेल्या प्रश्नांवर जास्त वजन. सिरपूरला मी त्या मुलींसाठी तेच केलं. थव्याचा फोटो मोबाइलवर मोठा करून एकेका पक्ष्यावर टिपका मारत मोजला: 91. मग असेच वेगळे, आधीच मोजलेले पाच फोटो दोघींना 20-20 सेकंद दाखवले. गठ्ठेवाली दर वेळी थोडी कमी सांगायची, पण दर वेळी तितकीच कमी. दुसरीचा नेम कधी वर, कधी खाली. पहिलीची चूक कळली की भागते, तिच्या आकड्यात भर घालता येते. दुसरीला आणखी सरावाची गरज होती. हे दोघींना समजावलं तेव्हा दुसरी रुसली, ते वेगळं.

फलकाबद्दल, म्हणजे वर कोण खाली कोण ते दाखवणाऱ्या यादीबद्दल. मंडळात लावायचा बेत असेल तर जरा थांबा. ओल्ड वेदर नावाच्या प्रकल्पात लोक जुन्या ब्रिटिश जहाजांच्या रोजनिश्यांमधल्या हवामानाच्या नोंदी उतरवून काढत. ज्याची पानं जास्त, तो त्या जहाजाचा कॅप्टन. काही जणांनी त्यापायी रात्री जागवल्या. पण पुढे संशोधकांनी खेळणाऱ्यांनाच विचारलं, तेव्हा बरेच जण म्हणाले की कॅप्टन इतका पुढे गेलेला पाहून आमचा हुरूपच गेला. काहींना घाईत चुकण्याची भीती वाटू लागली. मुलांच्या बाबतीत तर पहिल्या तिघांना चेव येतो आणि उरलेली 37 चौथ्या दिवशी क्रिकेट खेळायला जातात. फलक लावायचाच तर गटांचा लावा.

काही खेळांत तर खेळणं हीच नोंद असते. 2016 मध्ये निघालेल्या सी हिरो क्वेस्टमध्ये होडी हाकत वाट शोधायची. 40 लाखांवर लोक खेळले आणि माणसाची दिशेची जाण वयाबरोबर कशी उतरते ते त्यातून मोजलं गेलं. 2022 मध्ये त्याच माहितीतून निघालं की शहराबाहेर वाढलेले लोक वाट शोधण्यात सरस ठरतात, आणि चौकटीसारखे सरळ रस्ते असलेल्या शहरांत वाढलेले मागे पडतात. राजवाड्यामागच्या बोळांत वाढलेल्यांनी आखीव रस्त्यांच्या स्कीम 54 वाल्यांना हे ऐकवायला हरकत नाही, फक्त इंदूरवर असा अभ्यास झाला असं म्हणू नका. 2020 पासून बॉर्डरलँड्स 3 या मारधाडीच्या गेममध्येच आतड्यातल्या जिवाणूंच्या डीएनएचं कोडं ठेवलं होतं. रंगीत ठोकळे जुळवायचे, गेममधलं बक्षीस घ्यायचं. पुढे 40 लाखांवर खेळाडूंनी ते सोडवलं. तुमच्या मुलांपैकी कोणी कदाचित खेळलाही असेल. हे आपल्या आवाक्यातलं नाही, म्हणून पुढे जाते.

"आता एआय आहे, मग माणसं कशाला?" हा प्रश्न तुमच्या शिबिरातला एखादा 10वीचा पठ्ठ्या विचारणारच. प्रथिनाच्या घडीचा अंदाज आता अल्फाफोल्ड हा एआय प्रोग्रॅम कुठल्याही माणसापेक्षा चांगला करतो, हे मान्य करा. 2024 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यासाठी डेमिस हॅसाबिस आणि जॉन जंपर यांना आणि नवी प्रथिनं रचण्यासाठी त्याच बेकर यांना मिळालं. आणि उगाच माणसाची बढाईही मारू नका. 2016 मध्ये "नेचर" या विज्ञानाच्या नियतकालिकात एक निबंध आला होता की क्वांटम भौतिकीतल्या एका कोड्यात गेम खेळणारे लोक संगणकाला मागे टाकतात. जगभर बातम्या झाल्या. मग दुसऱ्या एका संशोधकाने दाखवलं की साधी संगणकी पद्धतही ते कोडं खेळाडूंहून चांगलं सोडवते, आणि 2020 मध्ये लेखकांनी तो निबंध मागे घेतला. ती बातमी मात्र फार कोणी छापली नाही.

त्या पठ्ठ्याला हॅनीची गोष्ट सांगा. हॅनी फान आर्केल ही नेदरलँड्सची शाळामास्तरीण. 2007 मध्ये गॅलेक्सी झूवर चित्रं बघताना तिला एका दीर्घिकेखाली निळसर डाग दिसला. सर्पिल, लंबगोल, काहीच नाही. त्यासाठी बटणच नव्हतं. तिने शास्त्रज्ञांना विचारलं, हे काय आहे? त्यांनाही सांगता येईना. पुढे कळलं की तो वायूचा प्रचंड ढग आहे, शेजारच्या दीर्घिकेच्या गाभ्यातून एके काळी निघालेल्या प्रखर प्रकाशाने उजळलेला. आज त्याला हॅनीज फोरवेर्प म्हणतात. डच भाषेत फोरवेर्प म्हणजे नुसतं "वस्तू". या शोधाला खेळात शून्य गुण होते, कारण खेळ बनवणाऱ्याला जे सुचलं होतं त्याचेच गुण असतात. म्हणून तुमच्या कागदावर तळाशी एक रिकामा चौकोन ठेवा, "हे काय आहे?" असं लिहून. त्याला गुण देऊ नका. नाहीतर प्रत्येक कावळा "हे काय आहे?" होईल.

आता तुमचं शिबिर. पहिली गोष्ट, मे महिन्यात सिरपूरला पक्षी मोजायला नेऊ नका. थंडीतले पाहुणे केव्हाच गेलेले असतात, पाणी आटलेलं, आणि 8 वाजताच ऊन डोक्यावर. होळकरांच्या काळातला हा तलाव 2022 मध्ये यशवंत सागर जलाशयाबरोबर रामसर यादीत (जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) गेला, तिथल्या नोंदींना खरंच किंमत आहे. पण त्या नोंदी जानेवारीत करा. तेव्हा ईबर्डवर करा. कॉर्नेलच्या पक्षिविज्ञान प्रयोगशाळेने 2002 मध्ये सुरू केलेली पक्ष्यांच्या नोंदींची ही व्यवस्था, आपल्याकडे बर्ड काउंट इंडियाची मंडळी तिचं बघतात. 15 मिनिटं उभं राहायचं आणि ओळखता आलेला प्रत्येक पक्षी लिहायचा, चिमणी-कावळ्यासकट. यादी पूर्ण असली तरच "अमुक पक्षी दिसला नाही" हेही कळतं, आणि पक्षी कमी होत असेल तर ते त्या "नाही"मधूनच उमगतं. काही भलतं लिहिलं तर त्या भागातला जाणकार परत विचारतो, नक्की का? 2023 चा भारतातल्या पक्ष्यांचा मोठा अहवाल 30,000 हौशी लोकांच्या 3 कोटी नोंदींवर उभा आहे. सायकल एकालाही मिळालेली नाही.

मेमध्ये झाडं घ्या. सीझनवॉच नावाचा प्रकल्प 2010 पासून देशभर चालू आहे आणि तो त्या ट्यूशनवाल्या मुलाच्या पद्धतीनेच चालतो: एक झाड धरा, दर आठवड्याला पानं, फुलं, फळं बघा, "नाही, थोडी, भरपूर" एवढंच लिहा. अमलतास म्हणजे आपला बहावा घ्या, आंबा घ्या, जांभूळ घ्या. झाड मुलाच्या रोजच्या वाटेवरचं हवं. ज्यासाठी मुद्दाम जावं लागतं ते झाड जूनमध्ये सुटतं. एका झाडावर दोन मुलं ठेवा, पण दोघांना एकमेकांची नावं सांगू नका. दोघांची उत्तरं जुळली की दोघांनाही गुण. खरं काय ते तुम्हाला ठाऊक नसलं तरी हे गुण देता येतात, आणि दोघं खरं लिहितील तरच सहज जुळतं. दुसऱ्याचं कागदावर पाहून लिहिण्याची सोयच राहत नाही.

"काही नाही" या उत्तरालाही पूर्ण गुण द्या. हे शिबिराच्या पहिल्या दिवशी तीनदा सांगा, कारण शाळेने मुलांना कोरी जागा सोडायची भीती घातलेली असते. झाडावर एक फूल नसलं की मूल शेजारच्या झाडाचं फूल लिहितं. "ओळखता आलं नाही" लिहिणाऱ्यालाही अर्धे तरी गुण असू द्या.

मुलांच्या घराची जागा नकाशावर उघड होऊ देऊ नका. झाड अंगणातलं असेल तर चौकाचं नाव पुरे. पक्ष्याचं घरटं सापडलं तर त्याचा फोटो-पत्ता कुठेही टाकायचा नाही, हेही सांगून ठेवा. नावं मात्र छापा, 40च्या 40. फोल्डिटच्या 2010 च्या निबंधात 57,000 खेळाडूंचं श्रेय लिहिलं होतं. तुमच्या मंडळाच्या अंकात 40 नावांना अर्धं पान पुरतं. सायकलचे पैसे उरले आहेत, त्यांत चाळीस जणांना दुर्बीण परवडणार नाही, पण दोन परवडतील, जानेवारीसाठी.

एखाद्याला हे फारच आवडलं आणि तो कॉलेजात गेला, तर त्याला रॅड अॅट होमबद्दल सांगा. 2013 मध्ये भारतातच सुरू झालेलं काम आहे. नारायणगावजवळच्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीची चित्रं मुलं घरी बसून बघतात आणि विचित्र दीर्घिका शोधतात. तिथे पॉइंट नाहीत, फलक नाही, आणि तरी मुलं टिकतात.

मी स्वतः पहिल्या रविवारी येईन. 10 झाडं आधी तुम्ही आणि मी बघून ठेवू, उत्तरं आपल्याजवळ ठेवू आणि ती मुलांच्या यादीत मिसळून देऊ. कागद मी आणते. पेन्सिली तुम्ही बघा, पेनं नकोत; घामाने शाई पसरते आणि "थोडी"चं "नाही" होतं.